उंदीर आमच्या घरात पडला होता

मागच्या पानावर मी एक खोटं लिहिलं आहे. प्लेगचा पहिला उंदीर गंगामावशीच्या भाजीच्या वाडीत पडला, असं मी लिहिलं होतं... तो आमच्या घरात पडला होता. वाडीत तो मी टाकला.

ही वही आपल्या कॅम्पात झोपडीझोपडीतून फिरते. खोटं इथेच लिहिलं, म्हणून दुरुस्तीही इथेच करते आहे.

परवा सकाळी विहिरीवर काय झालं, ते बऱ्याच जणींनी पाहिलं. तुराट्यांच्या झोपड्यांत आपला हा चौथा आठवडा. बाजार बंद, मलकापुरात स्वतःच्याच घरी जायचं तर पास, आणि दर तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली बाई येऊन काखा तपासते... सगळे वैतागले आहेत. त्या दिवशी तर आमच्या शेजारच्या काकूंना शिपायानं नाक्यावरून परत पाठवलं. बिचाऱ्या फक्त पाटा-वरवंटा आणायला निघाल्या होत्या.

तो राग कुठेतरी निघणारच होता. तेवढ्यात गंगामावशी घागर घेऊन आली.

"आली पाहा वो उंदरावाली! हिच्यापायी साऱ्या गल्लीले रानात राहा लागून राह्यलं."

"घागर तिकडं ठेव बाई. आमच्या पाण्यात नको तुया प्लेग."

सगळ्या हसल्या. 'उंदरावाली' हे नाव मीच दिलेलं... मागच्या पानावर, गंमत म्हणून.

मावशी बाजूला उभी राहिली. सगळ्यांचं झाल्यावर तिनं पाणी भरलं, आणि जाताना माझ्यापाशी थांबली.

"पोरी, तू शिकेल हायेस, खरं सांग. भिंतीतलं भोक म्या येळेवर बुजवलं असतं, तं उंदीर आला नसता ना वो? माह्याच चुकीनं झालं ना हे सारं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, मावशी."

एवढंच म्हटलं. मग झोपडीत येऊन बसले.

तर, भोगीची सकाळ. वहिनीची पहिली संक्रांत होती. आईनं आठ दिवस बसून हलव्याचे दागिने केले होते. हळदीकुंकवाला नांदुऱ्याहून वहिनीची आई यायची होती. मी ज्वारी काढायला गेले, तर कणगीमागे तो पडलेला... पाय ताणलेले, तोंड उघडं.

नियम मला पाठ होता. उंदीर पडला की म्युनिसिपालिटीत कळवायचं, घर त्याच दिवशी रिकामं करायचं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे ती नोटीस आईला मीच वाचून दाखवली होती.

मी आईला हाक मारली नाही. राखेच्या टोपलीत त्याला घेतलं आणि मागच्या भिंतीवरून पलीकडे, मावशीच्या वाडीत टाकलं. नोटिशीत 'घरात' असं लिहिलं आहे, वाडी म्हणजे काही घर नव्हे, उघड्यावर उंदीर मरतातच... असं मनाला सांगत हात धुतले. तीनदा धुतले.

थोड्या वेळानं गंगामावशी आली. दरवर्षीसारखी भोगीच्या भाजीला वांगी, वालाच्या शेंगा आणि गाजरं घेऊन. मी तिच्याकडून ती घेतली.

दुपारी ती पुन्हा आली. घाबरलेली होती.

"वांग्याच्या वाफ्यात उंदीर पडला वो. घरचे म्हणतात, पुरून टाक, कोणाले काय समजते. पण लेकराबाळाचं गाव हाये. मले लिवता येत नाही, तू दोन ओळी लिहून दे."

मी अर्ज लिहिला. 'आमच्या वाडीत उंदीर पडला आहे, तपास व्हावा.' अक्षर छान काढलं. मावशीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर मीच उमटवला. आणि मी तिला म्हणत होते, "मावशी, घाबरू नका."

ऐन संक्रांतीच्या दिवशी मावशीच्या घरची माणसं घर सोडून बाहेर पडली. वाफ्यांवर औषधाचं पाणी मारलं, भाजी विकायला बंदी झाली. वांगी झाडावरच सडली. आजही ते लोक या माळाच्या पार टोकाला आहेत, आणि त्यांच्या हातची कोथिंबीरसुद्धा कोणी घेत नाही.

आमचं दार दुसऱ्या गल्लीत, म्हणून आम्ही सुटलो. हळदीकुंकू झालं. तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या कणगीच्या खोलीत बसून तिळगूळ खाऊन गेल्या... आठवड्यानं घरोघर उंदीर पडले आणि सगळेच इथे आलो. तुमच्यापैकी कोणाला ताप आला नाही. पण रोज सकाळी कोण खोकतं आहे, ते मी कान देऊन ऐकत असते. का, ते आता तुम्हाला कळलं असेल.

ज्या बाईला लिहिता येत नाही तिनं कळवलं. मला येतं, आणि मी लपवलं. वर तिचाच अर्ज लिहून दिला.

काल आईला सगळं सांगितलं, मावशीकडे जाणार आहे हेही. ती म्हणाली, "आता काऊन सांगतं? झालं ते झालं. वहिनीच्या माहेरी काय म्हणतील?" मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी येतो तुयासंगं."

म्हणून वही या वेळी पुढच्या झोपडीत दोन दिवस उशिरा येईल. मावशीला हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये.

रविवारी रथसप्तमी. उजाडायच्या आत मी मावशीच्या झोपडीत जाईन. मग तुम्ही सगळ्या सूर्यापुढे दूध उतू घालायला जमाल, तेव्हा हे पान मोठ्यानं वाचीन. आणि तिथूनच तपासनिसाच्या तंबूवर जाऊन दुसरा अर्ज देईन, या वेळी माझ्या सहीचा.

परवाच. रविवारी.