बारा जर्स्या आणि बॉयलरचं पाणी

पंचांनी शिट्टी फुंकून सामना थांबवला. फाउल झाला नव्हता, कुणाला लागलं नव्हतं. समोरच्या संघाचा कप्तान नाक दाबून तक्रार करत होता, "पंच, यांच्या कपड्यांनी आमच्या गड्याचा दम तोडला."

कबड्डी न खेळलेल्यांसाठी सांगतो. चढाईला गेलेल्या गड्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. मध्ये अडखळला की दम तुटला, म्हणजे तो बाद. हा बिचारा आमच्या कोपऱ्यात शिरला, 'कबड्डी कबड्डी' करता करता 'कब'वर अडकला आणि तोंडावर हात धरून खाली बसला. आमच्या एकाही गड्याने त्याला शिवलं नव्हतं.

शहानिशा करायला पंच आमच्या कोपऱ्यातल्या गड्याकडे, काळूरामकडे निघाले. चार पावलांवर थांबले आणि दोन पावलं मागे आले.

"नियमांत वासाबद्दल काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले, "म्हणून आजचा निकाल राहील. पण पुढच्या रविवारी फायनलला मी एकेक जर्सी हुंगणार. वास आला तर संघ बाहेर."

अशा रीतीने आम्ही सेमीफायनल जिंकलो.

मी तेव्हा अंबरनाथला, मोरिवलीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर होतो. गिरणीतून येणारं कोरं कापड धुवायचं, रंगवायचं, इस्त्री करून पाठवायचं, हे आमचं काम. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. कंपनीचा कबड्डी संघ होता आणि त्याच्या जर्स्या मीच रंगवल्या होत्या. मोरपिशी रंग, कापड पॉलिस्टर, कारण पॉलिस्टरची तेव्हा फार ऐट होती. सुती बनियनमध्ये घाम जिरतो आणि धुतला की जातो. पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण तेल मात्र धरून ठेवतं. आणि आमची पोरं सामन्याआधी अंगाला तेल चोळायची, भजी तळायला पुरेल एवढं. सामना संपला की ओल्या जर्स्या आणि गुडघ्याच्या पट्ट्या रेक्झिनच्या बॅगेत कोंबायच्या, चेन लावायची, ती थेट पुढच्या सामन्याला उघडायची. वर काळूरामने सगळ्यांना शपथ घातली होती, जिंकतोय तोवर जर्सीला पाणी लावायचं नाही. पाच सामने आम्ही जिंकलो होतो.

त्या बॅगेबद्दल मी जास्त बोलत नाही, लोकांना अतिशयोक्ती वाटते. एवढंच सांगतो की टाइम ऑफिसच्या बाकाखाली एक कुत्रं वर्षानुवर्षं झोपायचं. बॅग तिथे ठेवली त्या दिवशी ते उठलं आणि वांगणीला राहायला गेलं.

सोमवारी सकाळी शेठनी बोलावलं. आमचे शेठ उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी, माणूस दिलदार, पण इज्जतीला फार जपायचे.

"मास्टर, क्या सुनता है मैं? अपना टीम बास मारता है?"

"शेठ, नव्या जर्स्या घेऊन टाकू."

"नई? बाजार से?" शेठनी चष्मा काढला. "आधे हिंदुस्तान का कपडा तुम धोता है. बारह जर्सी नहीं धुलती? कॅम्प में लोग बोलेगा, साईं के यहाँ कपडा साफ नहीं होता, बाहर से लाता है."

मला काळजी होती ती इज्जतीची नाही, काळूरामची. काळूराम बारवीकडच्या एका पाड्यावरून रोज सायकल मारत यायचा. घरी बायको, दोन लेकरं, पावसाळ्यापुरती भातशेती. आमच्याकडे सहा वर्षं होता, पण टेंपररी. म्हणजे दर काही महिन्यांनी त्याला 'ब्रेक' द्यायचे. चार दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवीन माणूस म्हणून भरती करायची, म्हणजे तो कधी परमनंट होत नाही. शेठनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, संघ फायनल जिंकला तर काळूराम परमनंट. त्याचा पुढचा ब्रेक पंधरा दिवसांवर आला होता. मैदानातच उतरू दिलं नाही तर जिंकणार कुठून?

काळूराम जर्सी द्यायलाच तयार नव्हता.

"मास्तर, धुतलीत ना, तर नशीब वाहून जाईल."

"नशिबाला एवढा वास येत नसतो. काढ."

सोमवारी मी साबण लावला. वॉशिंगच्या माणसाला सांगितलं, हात आखडू नकोस. त्याने मागच्या हौदावर बोअरच्या पाण्यात वड्यांमागून वड्या झिजवल्या. जर्स्या वाळल्या, मी हुंगल्या. काही नाही. खूश होऊन घरी गेलो. मंगळवारी सहज एकीवर गरम इस्त्री फिरवली आणि टेबलापासून मागे उडालो. वास गेला नव्हता, झोपला होता. अंगाची ऊब मिळाली की उठणार होता.

मंगळवारी दुप्पट साबण. बुधवारी ब्लीचिंगचं द्रावण. एका जर्सीची कॉलर मोरपिशीची पोपटी झाली, आणि वास आता दोन झाले, घामाचा वेगळा, ब्लीचिंगचा वेगळा. संध्याकाळी शेठनी स्वतः अत्तराची बाटली पाठवली. ते शिंपडल्यावर गोठ्यात लग्न लागल्यासारखं वाटायला लागलं. त्यावर मी रात्रपाळीला निरोप ठेवला, साबण तिप्पट करा.

गुरुवारी मला एक शंका आली. इस्त्रीवर भरवसा नको, माणसाच्या अंगावर जर्सी तापवून बघावी. कारखान्यात सगळ्यात गरम जागा बॉयलर हाउस. काळूरामला जर्सी घालून तिथे उभा केला आणि म्हटलं, बैठका मार. शंभर व्हायच्या आधीच आतून आवाज आला.

"मास्तर, जयभीम. माझ्या बॉयलरपाशी घूस मेलीय का?"

हे गायकवाड, आमचे बॉयलर अटेंडंट. वाफ तयार करणारा माणूस. त्यांच्या वाफेवर सगळा कारखाना चालायचा, पण माझी त्यांच्याशी ओळख नमस्कारापुरती. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, एसीजवळ बसणारा. ते कोळशाजवळ.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काळूरामच्या जर्सीची बाही दोन बोटांत धरून चोळली.

"पाणी कुठलं वापरलंत?"

"बोअरचं. मागच्या हौदावर."

"साबण?"

"भरपूर."

गायकवाड आत गेले आणि खपलीसारखा पांढरा तुकडा घेऊन आले. माझ्या हातावर ठेवला. दगड होता.

"हा माझ्या नळीतनं निघालाय. बोअरचं पाणी तापवलं की त्यातला क्षार नळीला असा बसतो. त्याला आम्ही स्केल म्हणतो. आता बाही बघा. कडक लागते का नाही? वरनं ओशट? तुमचा साबण मळाला लागलाच नाही, पाण्यातल्या क्षारानं खाल्ला. त्याचा चिकट थर झाला आणि तेलाघामावर बसला. तुम्ही चार दिवस वास धुतला नाही मास्तर. त्याला प्लास्टर केलं."

काळूराम बैठका मारायचा थांबला. "म्हंजे माझं नशीब आतच हाय?"

"आतच आहे," गायकवाड म्हणाले. "सगळ्यांना येतंय."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कारण हे मला माहीत होतं. पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, कापड असतं तर मी आधी पाणी तपासलं असतं, मऊ केलेलं पाणी घेतलं असतं, साबण तोलून घातला असता. पण ह्या आपल्या घरच्या जर्स्या, म्हणून दिल्या मागच्या हौदावर. डॉक्टर स्वतःच्या खोकल्याला खडीसाखर चघळत बसतो, तसा प्रकार.

"मग तुम्ही नळीचं काय करता?"

"ॲसिडनं थर सोडवतो. तुमच्याकडे कापडाला चालेल असं असेल ना?"

होतं. रंगखात्यात ॲसिटिक ॲसिडचे कॅन भरलेले होते. ॲसिटिक म्हणजे चायनीजच्या गाडीवर जे व्हिनेगर मिळतं त्याचा पैलवान भाऊ. पाण्यात अगदी थोडं घालायचं.

"आणि पाणी मी देतो," गायकवाड म्हणाले. "कंडेन्सेट."

वाफ काम करून दमली की तिचं पुन्हा पाणी होतं, ते कंडेन्सेट. गरम असतं आणि त्यात क्षाराचा कण नसतो. ते पाणी परत बॉयलरमध्ये जातं, त्यामुळे गायकवाड त्याचा एक तांब्या मॅनेजरलासुद्धा देत नसत. मला त्यांनी चार पिंपं भरून दिली. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

शुक्रवारी मी स्वतः बाह्या सरसावल्या. पहिल्या पिंपात ॲसिटिक, त्यात जर्स्या तासभर. पाण्याला जो रंग आला त्याला शेडकार्डात नाव नाही. वर साय धरली. मी ती काठीने काढली तर काठी जड झाली. दुसऱ्या पिंपात कोमट पाणी, जरासा धुण्याचा सोडा आणि साबणाचा चुरा मूठभर. बारा जर्स्यांना मूठभर. माझा हात पुन्हा साबणाच्या खोक्याकडे जात होता, पण गायकवाड बाजूला उभे होते.

"अजून थोडा घालू?"

"घाला की. परत प्लास्टर करू."

नाही घातला. तरी फेस असा आला की पिंपाबाहेर पडून पार वजनकाट्यापर्यंत गेला. उरलेल्या दोन पिंपांत खळबळून काढल्या. गुडघ्याच्या पट्ट्यांत इलॅस्टिक आणि स्पंज, त्यांना गरम पाणी लावलं की त्या सैल पडतात. त्या थंड पाण्यात खायच्या सोड्यात भिजवून वाऱ्यावर टांगल्या. बॅग मी जाळली.

शनिवारी काळूराम परत बॉयलरपाशी. ह्या वेळी दोनशे बैठका. घामाच्या धारा लागल्या. गायकवाडांनी जवळ जाऊन हुंगलं, डोळे मिटून, चांगला वेळ घेऊन.

"आता फक्त काळूरामचा वास येतोय," ते म्हणाले. "त्याला ॲसिड नाही."

रविवारी संध्याकाळी बदलापूर गावात फायनल. पंचांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि शाळेत नखं तपासतात तसं एकेकाला हुंगत निघाले. काळूरामसमोर त्यांनी आधी लांबून अंदाज घेतला, मग जवळ गेले, मग पार काखेपर्यंत गेले. शेठ माझ्या शेजारी पुटपुटत होते. पंच म्हणाले, "खेळा."

खेळलो आणि दोन गुणांनी हरलो. काळूरामने एका चढाईत तिघांना बाद केलं, पण समोरच्यांचा दम काही तुटला नाही. आमच्या पाच विजयांत त्या वासाचे गुण किती होते, हे तेव्हा कळलं.

काळूराम मैदानाच्या कडेला बसून गुडघ्याची पट्टी सोडत होता. मला म्हणाला, "नका वाईट वाटू देऊ, मास्तर. जर्सी ब्येस झाली." मला त्याच्याकडे बघवेना.

सोमवारी मी शेठच्या केबिनमध्ये गेलो तर गायकवाड आधीच उभे होते. ते केबिनमध्ये आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"शेठ, मी दोन वर्षं बॉयलरला माणूस मागतोय. हा काळूराम द्या."

"वो तो हार गया."

"मैदानात हरला. माझ्याकडे दोन दिवस बैठका मारत होता. घामाघूम झाला, पण नजर कुठे होती माहीत आहे? बॉयलरातलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेवर. शनिवारी मला म्हणाला, काका, पाणी खाली आलंय. मी वळायच्या आत. सात जणांवर एका वेळी नजर ठेवणारा माणूस आहे तो."

"ठीक है, ले लो. टेंपररी में."

"नाही शेठ. दर ब्रेकला नवा माणूस आला तर मी शिकवू कुणाला? बॉयलरपाशी मला कच्चा माणूस नको. पक्का करून द्या."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शेठ, वाफ बंद झाली तर आपण जर्सीच काय, रुमालसुद्धा धुऊ शकणार नाही." एवढीच माझी मदत. बाकी सगळं गायकवाडांचं.

काळूरामचा ब्रेक आला नाही. पुढे गायकवाडांनी त्याला अटेंडंटच्या परीक्षेला बसवलं, पास होईपर्यंत बसवलं. तिसऱ्यांदा झाला. गायकवाड रिटायर झाले तेव्हा बॉयलर त्याच्या ताब्यात देऊन गेले. त्या पिंपांबद्दल मी त्यांचे आभार त्या दिवशी मानले. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही कधी आमच्याकडे काही विचारायला आलाच नव्हतात. पहिल्यांदा आलात, मग नाही कसं म्हणणार?"

तेव्हा व्यायामाचे कपडे धुऊनही वास मारत असतील तर साबण वाढवू नका, कमी करा. पाणी जड, म्हणजे क्षाराचं असेल तर आधी अर्धी वाटी व्हिनेगर बादलीत घाला आणि ओलं काही बॅगेत कोंबू नका. एवढ्याने भागलं नाही, तर आपल्यापेक्षा जास्त कळणारा माणूस शोधा. माझ्या बाबतीत तो भिंतीपलीकडेच होता, आणि त्याच्याकडे जायला मला चार दिवस आणि एक अख्खं खोकं साबण लागला.