देवमाशाची हाडं आणि मामाचा पुतळा

मामा खोल समुद्रातल्या ट्रॉलरवर खलाशी होता. वादळात ट्रॉलर बुडाला, मामा सापडला नाही. घरचे म्हणत, दर्भाचा पुतळा करा आणि अग्नी द्या. मामी तयार नव्हती. पुतळा जळला की नवरा मेला, आणि ती त्याला मारणार नव्हती.

मी तिच्याच बाजूने होते, पण माझं कारण वेगळं होतं. मी वडिलांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांवर वाढलेली. गवताला माणूस मानून जाळायचं, हा मला माणसाचा अपमान वाटायचा.

एका दुपारी कोपरीला तिच्या ओट्यावर बसून मी डोंबिवलीतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी पत्रक लिहीत होते. मामी सुकट निवडत होती.

"काय लिवतंस गो?"

सांगितलं. मेलेला देवमासा समुद्राच्या तळाशी जातो. त्याच्या हाडांतल्या चरबीवर शिंपल्यांच्या पिढ्या जगतात. काही किड्यांना तोंडच नसतं, ते हाडात मुळं रोवतात. लाखो वर्षांनी त्या हाडांचा दगड होतो, भोवती शिंपल्या तशाच दिसतात. किडे मऊ, ते उरत नाहीत. त्यांनी पाडलेली भोकं उरतात.

मी फोनवर दाखवलेला त्या हाडांचा फोटो तिने बराच वेळ पाहिला.

"मानसाची पन खातान?"

पत्रकात मी कधी खोटं लिहिलं नव्हतं. "हाडं कुणाची ते त्यांना कळत नाही, मामी."

"तुजा मामा तं हाडकुला. त्यांचा काय भागनार," ती म्हणाली आणि सुकटीतला कचरा वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनेच माझ्या आईला सांगितलं, भटजींना बोलवा. मी येणार नाही म्हणाले.

"तू ये," मामी म्हणाली. "तो कुठं हाय ता तुलाच ठाव हाय."

खाडीकाठी भटजींनी दर्भाचा देह मांडला. डोक्याच्या जागी नारळ, हाडांच्या जागी पळसाचे देठ. देठ एकेक करून मीच त्यांच्या हातात देत होते. ओल्या वाऱ्यातही दर्भ भराभर जळला.

मामी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आता त्याना खायाला काय नाय उरला. व्हय ना गो?"

माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या पत्रकांत या प्रश्नाचं एकच उत्तर होतं: नाही.

"व्हय," मी म्हणाले.