काळुरामची निळी बाटली

गुरुवार, ६ मार्च १८९०. दूध पातळ. तुळसा काळुरामची बाटली डॉक्टरांकडे देऊन आली. औषध निळंच राहिलं. तिने दारात नारळ फोडला. काळुराम लघवीला बसतो त्या कुंपणाशी मुंग्या, राख टाकली.

ही माझ्याच हातची नोंद. मिशनच्या जोगिणींच्या शाळेत रोज लिहायची सवय लागली, लिहिलेलं वाचायची लागली नाही.

काळुराम माझ्या वाडीतच राहतो. खाडीवरच्या मिठागराचा मुकादम. वाफ्यातलं मीठ कधी ओढायचं, हे तो नुसत्या रंगावरून सांगे. बाकीचे जिभेला लावून पाहत. गेल्या दिवाळीत तो सुकू लागला, तहान भागेना. नौपाड्यातल्या भाऊ डॉक्टरांनी त्याची लघवी निळ्या औषधात उकळली. विटेसारखी लाल झाली.

"साखर जाते आहे," ते म्हणाले. "अशीच जात राहिली तर डोळ्यांच्या आत रक्त उतरतं. मी दोघांचं पाहिलंय. दर महिन्याला बाटली पाठव. भात, गूळ बंद."

पाच महिने काळुरामने मासळी आणि भाजीवर काढले. "बाय, बोंबील खाऊन खाऊन बोंबीलच झालो मी," म्हणायचा. हसायचा आणि बायकोच्या, तुळसाच्या ताटातल्या भाताकडे बघत बसायचा. तो मिठागरावर असे, म्हणून बाटली तीच पोचवी. मार्चमध्ये औषध पहिल्यांदा निळं राहिलं, म्हणजे साखर नाही; एप्रिलमध्येही. डॉक्टरांनी भाताची बंदी उठवली.

मेमध्ये तो वाफ्यावर उभा राहून ओरडला, "मिठावर मुंग्या कोणी सोडल्या रे?"

"मिठाला कवा मुंग्या लागतात काय, मुकादम?" गडी हसले.

मुंग्या त्याच्या डोळ्यांत होत्या. डॉक्टरांनी समोर बसवून लघवी घेतली. लाल. डोळ्याच्या आत बघायच्या आरशातून डोळे पाहिले. दोन्हींत रक्त. आता त्याला दिसत नाही.

आज दुपारी तुळसा माझ्या चुलीपाशी येऊन बसली. "बाय, त्या दोनी निळ्या बाटल्या माज्या व्हत्या, त्यांच्या नाय. भाताला ते पोरावानी रडत. माज्यान बघवला नाय."

मी वही काढली. निळं औषध आणि मुंग्या, एकाच दिवशी, एकाखाली एक. साखरेशिवाय मुंग्या येतात कशाला? चार वेळा वाचलं. तेव्हा एकदा वाचलं असतं तर? डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, भात दिला नसता तर रक्त उतरलं असतं की नसतं, सांगता येत नाही. तेवढाही आधार मिळाला नाही.

काळुराम ओट्यावर बसला होता. माझ्या पावलांच्या आवाजाकडे तोंड वळवून म्हणाला, "बाय, बाटली त निळी व्हती ना?"

मागे तुळसाचा भांडी घासायचा हात थांबला.

"निळीच होती," मी म्हटलं.

संध्याकाळी त्याच्या ओट्यापासून विहिरीपर्यंत काथ्याची दोरी बांधली. सव्वीस हात लागली.