सोसायटीच्या खोलीतलं वाचनालय

वाचनालयात पुस्तकं वर्षातून एकदा येतात, किस्से रोज येतात. पुस्तकांना निदान नंबर घालून कपाटात लावता येतं, किस्से कुठं लावणार? मैत्रिणी जमल्या की मी एक सांगायला घेते, त्याच्या मागून दुसरा निघतो आणि कपातला चहा निवून जातो.

कर्नाटकाच्या सीमेलगत, मुरुमजवळच्या आमच्या गावात मी ग्रंथपाल झाले ती बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधी. ग्रंथपाल हा शब्द गावाला जड. लोक मला ‘पुस्तकाच्या बाई’ म्हणायचे. शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणाऱ्या गावच्या सोसायटीनं गोदामाला लागून असलेली एक लांबट खोली दिली होती. आत कपाटं, बाकं आणि दाराशी पाण्याचा माठ. एवढंच आमचं वाचनालय.

*

आधी त्या माठाचंच सांगते.

गयाबाई कांबळे दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईला जायच्या. बौद्धवस्तीत रात्रीचा वर्ग चालायचा, तिथं त्या मोठेपणी वाचायला शिकल्या होत्या. काम सुटलं की थेट वाचनालयात. हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि मगच पुस्तक घ्यायच्या. तहान लागली की माठातलं पाणी प्यायच्या.

आमचे जुने सभासद शंकरराव. गयाबाई यायला लागल्या तसे ते घरून पाण्याचा तांब्या घेऊन यायला लागले. कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. पण कळायचं ते सगळ्यांना कळलं होतं, गयाबाईंनाही.

उन्हाळा चढला तशा विहिरी आटल्या. शंकररावांच्या वाड्यातला आडही कोरडा पडला. तलावाच्या कामावर मात्र टँकर यायचा. गयाबाई येताना तिथून डोक्यावर कळशी आणायच्या आणि माठात ओतायच्या.

एका दुपारी शंकरराव तांब्याशिवाय आले. पेपर उघडला, मिटला, परत उघडला. शेवटी उठून माठाजवळ गेले.

“बाई, हे पाणी कुठलं?”

“टँकरचं. गयाबाईंनी आणलंय.”

गयाबाई समोरच्या बाकावर वाचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शंकरराव पेला हातात धरून तसेच उभे राहिले. मग प्यायले. दुसरा पेला भरला, तोही प्यायले.

“गार हाय,” ते कुणाकडंच न बघता म्हणाले.

गयाबाईंनी पान उलटलं. “पेला धुऊन पालथा घाला, शंकरराव. धूळ बसती.”

शंकररावांनी पेला धुतला आणि पालथा घातला.

*

आमचे अध्यक्ष शिवलिंगप्पा आप्पा. कापडाचं दुकान, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि वाचन फक्त रहस्यकथांचं. एका रहस्यकथेची शेवटची पानं शेळीनं खाल्ली. पुस्तक शिंप्याच्या यमुनाबाईंच्या ओट्यावर राहिलं होतं. त्या बिचाऱ्या रडकुंडीला येऊन पुस्तक परत द्यायला आल्या.

आप्पांना यमुनाबाईंचा राग आला नाही, पण खुनी कोण ते कळेना म्हणून त्यांना जेवण जाईना. मी पुस्तकाला मागं कोरे कागद शिवले आणि म्हटलं, “ज्याला जे वाटतं ते त्यानं लिहावं.”

आप्पांनी लिहिलं, खून दिवाणजीनं केला. “जन्म दुकानात गेला माझा. एवढं कळतंय मला.” पोस्टमास्तरांनी मेलेल्याच्या पुतण्याला धरलं. यमुनाबाईंनी दोनच ओळी लिहिल्या. कुणी मेलंच न्हाय. माणूस लेकीच्या गावाला गेला होता, आता परत आला.

पुढं सोलापूरहून चांगली प्रत मिळाली. आप्पांनी वाचनालयातच शेवट मोठ्यानं वाचून दाखवला. खुनी एक डॉक्टर निघाला.

“लेखकाला जमलं न्हाय,” आप्पांनी निकाल दिला. “यमुनाबाईचं बरं हुतं.”

तेव्हापासून त्या पुस्तकाच्या दोन्ही प्रती कपाटात असायच्या. चांगली प्रत तशीच पडून राहायची. येणारा जाणारा म्हणायचा, “बाई, ते शेळीनं खाल्लेलं द्या.”

*

पार्वतीकाकूंनी सून केली ती पार गुलबर्ग्याकडची. गुणी पोरगी, पण तोंडातून शब्द नाही. मराठी तिला येत नव्हतं आणि काकूंचं कानडी बाजारापुरतं. एक दिवस काकू वाचनालयात आल्या. याआधी त्या कधी उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या.

“बाई, पोरगी दिसभर भिताडाकडं बघत बसती. तिच्या भाषेतलं एखादं पुस्तक हाय का तुमच्याकडं?”

आमच्याकडं नव्हतं. पण आप्पांची सासुरवाडी तिकडं कानडी मुलखात, आळंदला. पुढच्या खेपेला ते तिथून कानडी पुस्तकांचं गाठोडंच घेऊन आले. त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक काकूंनी निवडलं. लुगड्याच्या पदराखाली झाकून नेलं, जसं काही औषध नेतायत.

महिनाभरानं परत आल्या. मी विचारलं, “काय म्हणते सूनबाई?”

“बोलाया लागली की. चुलीपुढं बसून समदी गोष्ट मला सांगती, निम्मी तिच्या भाषेत, निम्मी माझ्या. भाकरी करपली तरी थांबत न्हाय.” काकूंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. चेहऱ्यावर तक्रार होती, डोळ्यांत मात्र हसू मावत नव्हतं. “ह्या खेपेला जरा बारीक पुस्तक द्या, बाई.”

*

आमच्या वाचनालयात म्युझियम सुरू झालं, ते कुणी ठरवून नाही. पाऊस परत नीट पडायला लागला तशा सोसायटीच्या कर्जावर गावात विजेच्या मोटारी आल्या. काशिनाथतात्यांच्या विहिरीवरही आली. आठवड्याभरात तात्या बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची त्यांची चामड्याची मोट खांद्यावर टाकून वाचनालयात हजर.

“हिला हितं ठेवू का? घरात ठेवली तर उंदरं खात्यात. टाकून देववत न्हाय.”

मी कपाटाशेजारी जागा करून दिली. चामड्याचा वास पुस्तकांना लागला, पण बोलणार कोण? मोट बघून लोक एकेक वस्तू आणायला लागले. कुणी धान्य मापायची लाकडी अधोली आणली, कुणी निजामाच्या वेळचा हाली पैसा, तर कुणी तलाव खोदताना सापडलेले मातीचे मणी. शाळेतली पोरं रांगेनं बघायला यायची. तात्या दर बाजाराच्या दिवशी यायचे, तेलाची वाटी घेऊन. खाली बसून मोटेला तेल चोळायचे, बैलाशी बोलावं तसं तिच्याशी पुटपुटायचे आणि निघून जायचे.

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. गावात संग्रहालय आहे म्हटल्यावर हरखले. मोटेपाशी थांबले, चष्मा काढून पुसला.

“वा. ही कोणत्या काळातली म्हणायची?”

तात्या खाली बसून तेल चोळत होते. म्हणाले, “गेल्या उन्हाळ्यापतुरची.”

*

आणि हा शेवटचा.

ऐंशीनंतर सोसायटी वाढली. खताच्या गोण्यांना गोदाम पुरेना, तेव्हा चेअरमनची नजर आमच्या खोलीवर गेली. माणूस वाईट नव्हता. खत भिजलं तर शेतकऱ्याचंच नुकसान, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. सभेत ते म्हणाले, “वाचनालय बंद करा असं मी म्हणत न्हाय. सध्यापुरती खोली द्या.” सध्यापुरती गेलेली खोली परत येत नसते, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

“गावात वाचणारे हायत तरी किती?” चेअरमननी विचारलं. “ज्यांना खोली पाहिजे त्यांनी उभं ऱ्हावं.”

आमचे सभासद उभे राहिले. भरल्या सभेत ती माणसं फारच थोडी दिसली. आप्पांनी मागं वळून बघितलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात मागच्या बाजूला निवृत्तीमामा काठीवर जोर देऊन उठले. मामा मेंढरं राखायचे. दुपारी मेंढरं लिंबाखाली बसली की ते वाचनालयाच्या पायरीवर येऊन टेकायचे आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. पाऊस कुठवर आला इथपासून दिल्लीत काय चाललंय इथपर्यंत सगळं त्यांना लागायचं.

“मामा, तुम्ही बसा,” चेअरमन समजुतीनं म्हणाले. “हे वाचणाऱ्यांचं चाललंय. तुम्हाला कुठं वाचता येतंय?”

“येत न्हाय म्हणूनच उभा ऱ्हायलोय,” मामा म्हणाले. “ज्याला येतंय त्यो घरात वाचंल, झाडाखाली वाचंल. म्या कुठं जाऊ?”

मग मामांच्या शेजारचा एक म्हातारा उठला. त्याच्या मागची बाई उठली. आतापर्यंत हे आपलं काम नव्हे म्हणून बसून राहिलेली माणसं एकेक करून उभी राहायला लागली.

चेअरमननी टोपी काढली, झटकली, परत नीट घातली.

“खत माझ्या गोठ्यात ठेवू,” ते म्हणाले. “पुढचा विषय घ्या.”