मेहुण्याच्या पाठीवर माझी बॅग

मालवणच्या एका हॉस्टेलच्या अंगणात, चार-पाच अनोळखी पोरापोरींसमोर, मी माझ्या सख्ख्या मेहुण्याला आमच्या दुकानातला हमाल करून टाकलं. कुणी भाग पाडलं नव्हतं. उन्हाने डोकंही फिरलं नव्हतं. जे बोललो ते पूर्ण शुद्धीत बोललो, आणि बोलताना मला बरं वाटलं होतं. हे शेवटचं लिहायलाच जास्त जड जातंय.

मलकापुरात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर प्रवासाचे व्हिडिओ पाहायचो. त्यात एक दाढीवाला पोरगा रोज उपदेश करायचा. खरा प्रवास करायचा तर हॉटेल सोडा, साध्या बसने जा, सामान पाठीवर घ्या, अनोळखी लोकांबरोबर एका खोलीत झोपा, मिळेल ते खा. आमच्याकडे याला लग्नाला जाणं म्हणतात. माझे आजोबा, काका, मामा सगळे जन्मभर असेच फिरले; त्यांच्या सामानाला फक्त चेन नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तो व्हिडिओ पाहून हसायला हवं होतं. मी पाठीवरची बॅग मागवली.

तिला इतके पट्टे आणि इतकी बकलं होती की बैलजोडीचा साज तिच्यापुढे साधा वाटावा. छातीवरच्या पट्ट्यात एक शिट्टी बसवलेली होती, जंगलात हरवलात तर वाजवायला. मी ती घेऊन एसटीने मालवणला जाणार होतो.

"समुद्रावर एकटे कायले जाता? कोनाशी भांडले का?" बायकोने विचारलं. स्वतःला शोधायला जातोय, असं त्या दाढीवाल्याचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, पण तिच्या हातात लाटणं होतं. "भावाले संगं घेऊन जा," ती म्हणाली आणि विषय संपला.

तिचा धाकटा भाऊ वडनेर भोलजीला असतो. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो. टमाट्याचा तोडा तोंडावर आला होता, तरी तो घरच्यांवर सोपवून निघाला. बहिणीने सांगितलं होतं आणि जावई निघाले होते. आमच्याकडे याच्यापुढे प्रश्न विचारत नाहीत. स्टँडवर तो खताच्या पोत्याची शिवलेली थैली घेऊन उभा होता. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बहिणीसाठी आणलेली वांगी. वांगी त्याने तिथेच, मला सोडायला आलेल्या माझ्या दुकानातल्या माणसाकडे दिली आणि माझ्या पाठीवरून बॅग उतरवून घेतली.

"अरे, ही स्वतःच उचलायची असते," मी म्हटलं. "त्यालाच बॅकपॅकिंग म्हणतात."

"म्हनत असतीन. मी संगं असून जवाई वझं उचलून राह्यले, हे कोनी पाह्यलं त मले गावात तोंड दाखवाले जागा राहीन का?"

मी दिली. फार आग्रह करावा लागला नाही, कारण बॅग जड होती. अशा रीतीने मी पाठीवर बॅग घेऊन फिरणाऱ्यांच्या पंथात दाखल झालो, मोकळ्या पाठीने.

बुलढाण्याचा घाट चढताना त्याने मला खिडकी दिली. पुढेही प्रत्येक गाडीत आधी चढून, रुमाल टाकून, माझ्यासाठी खिडकीच धरली. आणि प्रत्येक गाडीत शेजाऱ्याला सांगितलं, "हे आमचे जवाई होय. मलकापूरले दुकान हाय त्यायचं. समुद्र पाहाले चाललो." लोक माझ्याकडे पाहायचे. संभाजीनगरपर्यंत मला ते चाललं. पुण्याच्या स्टँडवर एक गृहस्थ त्याची भाषा ऐकून गालात हसले, तेव्हापासून नको झालं. कोल्हापूरच्या गाडीत मी झोपेचं सोंग घेतलं. तरी त्याने कंडक्टरला सांगितलंच, "जवाई झोपले हायेत, तिकीट मी दाखोतो."

मालवणचं ते हॉस्टेल म्हणजे एका जुन्या घरात लोखंडी दुमजली खाटा टाकलेल्या. भिंतीवर रंगीत अक्षरांत लिहिलेलं, 'घर सोडा, म्हणजे घर सापडेल'. अंगणात पुण्या-बंगळूरची पोरंपोरी ठिगळं लावलेल्या विजारी घालून बसली होती. ठिगळं नवी कोरी होती. गरिबीची एवढी हौस मी कधी पाहिली नव्हती. कमी पैशांत कसं जगतो हे ती एकमेकांना सांगत होती आणि सांगता सांगता महागडी कॉफी पीत होती. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. दिसत असूनही त्यांच्यात बसायला मिळावं म्हणून माझा जीव चालला होता, हा माझा विशेष.

मेहुण्याला वरची खाट मिळाली होती. तो तिच्यावर चढला नाही. "तुमी खाली अन्‌ मी तुमच्या डोक्यावर? असं कुठं असते का?" म्हणून त्याने खाली चटई टाकली. सकाळी किनाऱ्यावर गेलो. त्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"भाऊजी, एवढं पानी," तो म्हणाला, "अन्‌ वांग्याच्या एका वाफ्याच्याबी कामाचं नाई."

मागून हॉस्टेलमधली दोन पोरं येत होती. त्यांना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. तोही हसत हसत पुन्हा म्हणाला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. बॅग माझी, बेत माझा आणि कौतुक त्याचं. खोटं कशाला बोलू, मला राग आला तो तिथे.

दुपारी तो अंगणातल्या नळावर दशम्यांचा डबा घासत होता. मी त्या पोरांमध्ये जाऊन बसलो. पुण्याच्या मराठीत बोललो. म्हटलं, मी बहुतेक एकटाच फिरतो. दरवर्षी कुठेतरी जातो. एकटं फिरल्याशिवाय माणूस कळत नाही. दाढीवाल्याची सगळी वाक्यं मी तिथे रिकामी केली.

एका मुलीने भुवया उंचावल्या. "मग ते कोण, काका? तुमची बॅग पण तेच उचलतात ना?"

मेहुणा म्हटलं असतं तर मी खोटा पडलो असतो. शिवाय मेहुण्याला बॅग का उचलायला लावता, हा प्रश्न आला असता, आणि जावई म्हणजे काय हे त्या ठिगळांना कोण समजावणार?

"तो होय?" मी म्हणालो. "आमच्या दुकानात हमाल आहे. माल उतरवतो. म्हटलं, बिचाऱ्याने समुद्र पाहिला नाही, आणू या बरोबर."

"किती छान, काका!" ती मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मोठ्या मनाचा माणूस म्हणून मला तिथे दुसरी कॉफी मिळाली, आणि मी ती प्यायलो.

नळ बंद झाला होता. ती मुलगी वळून त्याला म्हणाली, "दादा, कसा वाटला समुद्र?"

त्याने डबा पुसला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिला म्हणाला, "मालकाची मेहेरबानी हाय जी. नाईतर आमाले कोन दाखोते समुद्र?"

त्यांनी त्याचा फोटो काढला. मालकासोबत काढतो म्हणाले, तर तो म्हणाला, "राहू द्या. मालकायच्या बाजूले आमी उभे नाई राहात."

परतीच्या वाटेवरही माझी बॅग त्याच्याच पाठीवर होती. खिडकीही मलाच. बहिणीच्या नवऱ्याचा मान त्याने तसूभर कमी केला नाही. फक्त भाऊजी म्हणणं थांबलं. पुणे सोडल्यावर कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दुकानदार हायेत. मलकापूरचे." आणि खिडकीकडे नाही, समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिला.

मलकापुरातच माफी मागता आली असती. मागितली नाही. जावई मेहुण्याची माफी मागत नसतो, असं स्वतःला बजावलं. ज्या चालीरीतींची मला तिथे लाज वाटली होती, त्यांच्याच आडोशाला घरी येऊन मी निवांत बसलो. यापेक्षा हलकट माणूस मला माझ्या ओळखीत आठवत नाही.

आधी तो दर बाजाराला बहिणीला भेटायचा. ओट्यावर बसून चहा घ्यायचा, भाच्याच्या पाठीत धपाटा घालायचा. आता भाजी गावच्या ऑटोवाल्याबरोबर यायला लागली. थैली तीच, माणूस नाही. बायको दारात उभी राहून ती घ्यायची.

"काऊन येत नाई तो?" तिने विचारलं. "तिकडं काही झालं का तुमच्यात?"

"काय होणार?" मी म्हटलं. "कामात असेल."

बाजाराच्या दिवशी ती चहाचं आधण जास्त ठेवायची आणि मग ओतून द्यायची. वडील गेल्यावर तिला माहेर म्हणून तो एकटाच उरला होता, आणि ते माहेर मी कॉफीपायी तोडत होतो.

मग अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला सासरी पुरणाचे धोंडे खायला बोलावतात, पाटावर बसवून त्याचे पाय धुतात. आमंत्रण मेहुण्याने घरी येऊन द्यायचं असतं. या वेळी त्याने बहिणीला फोन केला. "ये," म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. तीच म्हणाली, "आपन दोघंबी जाऊ."

वडनेरला ओसरीत पाट मांडला होता. सासूबाई होत्या, त्यांच्या दोन जावा होत्या, शेजारच्या बायका होत्या. सासरे नाहीत म्हणून पाय धुवायचे त्यानेच. तो मळ्यातून आला. हातांना टमाट्याच्या पानांचा हिरवा वास होता. त्याने परात पुढे ओढली, तांब्या घेतला आणि माझा उजवा पाय हातात धरला. अंगठ्यापासून टाचेपर्यंत नीट, सावकाश धुवायला लागला. कुठे घाई नाही, कुठे राग नाही. निदान जोरात घासला असता तरी मला पाटावर बसून राहवलं असतं.

मी पाय मागे घेतला.

"जवाई, पाय मांगं नाई घेऊ," सासूबाई घाबरून म्हणाल्या. "अशुभ असते."

मी पाटावरून उतरून त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. परात आमच्या मध्ये होती. बायकोने पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, मला चक्कर आली.

"मालवणले एका पोरीनं मले विचारलं, हा तुमचा कोन होय," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मी सांगतलं, आमच्या दुकानातला हमाल होय. हा बाजूलेच होता. यानं ऐकलं, अन्‌ माझी लाज राखाले मले मालक म्हनलं. मले त्या पोरायसमोर मोठं दिसाचं होतं, दुसरं काहीच कारन नोतं. घरी येऊन यानं कोनालेच सांगतलं नाई, अन्‌ मीबी नाई. माझं चुकलं, भाऊ. मले माफ कर."