उंबऱ्याच्या आतले बूट

१२ फेब्रुवारी. गावाला जायचं म्हणून फ्रीज रिकामा करून पुसत होते. अर्धी जुडी मेथी शेजारी दिली, उरलेल्या दह्याचं ताक करून पिऊन टाकलं आणि बर्फाचा कप्पा खरवडायला घेतला, तोच जावयाचा पुन्हा फोन आला.

"आई, तुम्ही तिला फक्त चालायला लावा. मी रोज विचारतो, आज चालायला गेलीस का? ती सरळ नाही म्हणते. पुढच्या आठवड्यात तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आहे. या वेळी आकडा खाली आला नाही, तर दुकान बंद करून तिला मी पुण्याला आणणार."

ती म्हणजे निखिलची आई, माझ्या विहीणबाई कुंदाताई. त्या नागपूरला एकट्या राहतात आणि घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवतात. दुकान म्हणजे ती खोली, दोन मशिनं आणि दिवसभर येणाऱ्या बायका. ते बंद करून पुण्यातल्या दहाव्या मजल्यावर त्यांनी काय करायचं, हे निखिलने ठरवलेलं नव्हतं.

साताऱ्यात माझी चालण्याबद्दल ख्याती आहे. पहाटे तासभर, झपाझप, कोणाशी न बोलता. एका बाईला हलवायचं म्हणजे असं काय मोठं काम आहे, असं म्हणत मी रात्रीची गाडी पकडली.

जाग आली तेव्हा बाहेर पऱ्हाटीची (कपाशीची) वाळकी शेतं होती आणि डब्यात संत्र्यांचा वास होता. समोरच्या आजोबांनी सोललेल्या फोडी पुढे केल्या. "आंबट निंगालं त सांगा, दुसरं फोडतो," म्हणाले. आंबट नव्हतं, पण दुसरं त्यांनी फोडलंच.

नागपूरला कुंदाताई फलाटावर हजर होत्या. मोरपंखी साडी, त्याला जुळणारा ब्लाऊज, काळा गॉगल, ओठांवर लिपस्टिक. मी रात्रभर चुरगळलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये. माझी बॅग उचलून त्या सरकत्या जिन्याकडे न जाता साध्या जिन्याने भराभरा वर निघाल्या.

"अहो, सरकता जिना आहे ना."

"तिकडे गर्दी आहे नं बापा. उभं कोण राहते?"

मी तो उतावळेपणा समजले. मग एका टपरीवर तर्रीपोहे (वर हरभऱ्याचा लालभडक रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कुंदाताईंनी अर्धी प्लेट खाल्ली, उभ्यानेच. घरी पोचल्यावर मी पलंगावर आडवी झाले आणि त्या बादली घेऊन गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. पुन्हा खाली, पुन्हा वर. या बाईला एका जागी बसताच येत नाही, हे मी मनात नोंदवलं.

संध्याकाळी ओट्याशेजारी गुलाबी बूट दिसले. निखिलने दिवाळीत पाठवलेले, चालायचे. उलटे करून पाहिले तर तळवे स्वच्छ, मातीचा कण नाही. मी लगेच निखिलला फोन लावला. "बुटांनी उंबरा ओलांडलेला नाही," असं सांगितलं. कुंदाताई पलीकडे हूक लावत होत्या. त्यांनी दोरा दाताने तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना ते बूट घालायला लावून बाहेर काढलंच. हवा मस्त होती. गल्ली रुंद, दुतर्फा कडुनिंब. दुसऱ्या विजेच्या खांबापाशी पुष्पाबाई नावाच्या शेजारीण अंगणात सडा टाकत होत्या. त्यांची नजर आधी बुटांवर गेली.

"काहून वं कुंदा, आज पायात बूट? शुगर निंगाली का?"

"नाही वं. विहीणबाई आल्या, त्याहिले फिरवून राहिली."

"मंग ठीक आहे. आमच्या जेठाचंबी (थोरल्या दिराचंही) असंच झालतं. आधी बूट आले, मंग सुई आली."

पुढच्या फाटकातून आणखी एकीने मान बाहेर काढली आणि कोणता डॉक्टर, ते विचारलं. तिसरीने कारल्याचा रस सुचवला. कुंदाताई गर्रकन वळल्या आणि मी मागे धावत घरी.

दारातल्या नळाखाली त्यांनी बुटांचे तळवे घासून धुतले. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तळवे स्वच्छ होते खरे, पण त्यांवरची नक्षी चवड्याखाली पार गुळगुळीत झाली होती.

"हे कुठे झिजले?"

"घरात."

मग त्यांनी सांगितलं. या गल्लीत बूट घालून चालणारी बाई म्हणजे पेशंट. "उद्या अर्ध्या मोहल्ल्याले ठाऊक होईन. मंग बाया ब्लाऊज टाकाले येतीन का पथ्य सांगाले? मले पेशंट म्हणून जगायचं नाही, विहीणबाई. म्हणून मी घरातच करतो."

(तिकडे काही बायकाही 'करतो', 'जातो' म्हणतात. दोन दिवसांत कानाला सवय होते.)

"काय करता?"

उत्तर दिवसभर बघायला मिळालं. एक बाही शिवून झाली की उठायचं, गच्चीवर जाऊन यायचं. दूध तापायला ठेवलं की ओट्याला धरून टाचा वर, टाचा खाली, साय धरेपर्यंत. मालिकेत जाहिराती लागल्या की हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. जेवण झालं की ताट उचलून पुढच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या, गाणी लावून. हे सगळं इस्त्रीच्या साडीत, गजरा माळून, पायात गुलाबी बूट. बाहेर गिऱ्हाइकाची चाहूल लागली की बूट काढून चपला.

"गचाळ गाऊन घालून केलं की आजारी वाटते," त्या म्हणाल्या. "नटून केलं की कुठंतरी निघाल्यासारखं वाटते. मंग कंटाळा येत नाही."

"निखिलला का नाही सांगितलं?"

"सांगितलं. तो म्हणे, आई, बहाणे नको."

खरं सांगायचं तर मलाही ते बहाणेच वाटले. दोन-दोन मिनिटांचा कसला व्यायाम? घाम नाही, धाप नाही. तसं मी बोललेही. कुंदाताईंनी परात माझ्यापुढे सरकवली. माझ्यासाठी त्या लांब पोळ्या करणार होत्या. त्याची कणीक सैल भिजवून परातीत आपटायची, ताणायची, पुन्हा आपटायची, ती दोरीसारखी लोंबेपर्यंत. मग हातावर रुमालाएवढी पसरून चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायची. मी बाह्या सरसावल्या. थोड्याच वेळात खांदा भरून आला आणि कणकेचा एक तुकडा माझ्या चष्म्यावर बसला.

"घाम आला का?" कुंदाताईंनी विचारलं आणि परात स्वतःकडे ओढली. त्या आपटत होत्या आणि शेजारच्या बाईशी खिडकीतून गळ्याच्या मापाबद्दल बोलतही होत्या. धाप अजिबात नाही. पोळी कागदासारखी पातळ आणि लुसलुशीत झाली. वांग्याच्या भाजीशी मी तीन खाल्ल्या. त्यांनी एक.

शनिवारी एसटीने नरखेडकडे गेलो. तिथे एका खेड्यात कुंदाताईंचे भाऊ वसंतभाऊ यांची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराची (पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेली) फळं उतरवत होते. झाडाखाली केशरी ढीग, वर गर्द हिरवी पानं, मधूनच पंपाची धडधड. जेवणात भरीत, भाकरी आणि भरपूर सांबार (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). मी सावलीत सतरंजीवर लवंडले. कुंदाताई हात धुऊन लगेच दोन ओळींमधून चालू लागल्या, गॉगल लावून. इथे त्यांना ओळखणारे होते, पण विचारणारं कोणी नव्हतं.

मला ते बघवेना. उठले, माझे भारी बूट घातले आणि साताऱ्याच्या वेगाने त्यांना गाठायला निघाले. मध्ये पाण्याचा पाट होता. तो मी पाहिला, पाय मात्र पडायचा तिथेच पडला. गुडघा मुरगळला आणि मी कमरेपर्यंत चिखलात बसले.

कुंदाताईंनी मला काखेत धरून एका झटक्यात उभं केलं. टाचा वरखाली करणारे पाय चिखलात घट्ट रोवलेले होते.

वसंतभाऊ मोटरसायकल घेऊन आले. "ह्या त रोज घंटाभर चालतेत म्हणे," त्यांनी बहिणीला विचारलं.

"सपाट रस्त्यावर चालत असतीन," कुंदाताई म्हणाल्या.

सोमवारी तपासणीचा कागद आला. मी लंगडत बरोबर गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधीचा कागद शेजारी ठेवला, दोन्ही पाहिले, आणि कुंदाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या हातात काम नसताना एका जागी बसल्या होत्या.

"छान उतरलीये," डॉक्टर म्हणाले. "चालणं असंच सुरू ठेवा."

"मी चालायला जातच नाही."

"मग काय करता?"

कुंदाताईंनी सांगितलं, बाही, दूध, जाहिराती, परात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जेवल्यावर थोडं जरी हललं तरी स्नायू साखर वापरतात, ते म्हणाले, आणि तासन्‌तास मशिनीवर बसण्यापेक्षा मधूनमधून उठणं केव्हाही चांगलं. थोडं थोडं केलेलंही साठत जातं. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, तपासण्या चुकवायच्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांच्या गुडघ्याला काय झालं?"

"त्या व्यायाम करतात," कुंदाताई म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायरीवरूनच मी निखिलला फोन केला. आकडा सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे चालायला लागली तर." मी म्हटलं, "नाही, एक दिवसही नाही. आणि तू यापुढे विचारूही नकोस. दुकान चालू राहील." मग त्याने विचारलं, दुसरे बूट पाठवू का? कुंदाताईंनी हातातून फोन घेतला. "पाठव. पण जांभळे पाठव, गुलाबी सगळ्या साड्यांवर जात नाहीत."

निघताना त्यांनी माझी ओटी भरली, संत्र्यांची पिशवी दिली, आणि एक केशरी साडी. ब्लाऊज शिवून तयार होता, माझं माप कधी घेतलं कोण जाणे. वर एक लिपस्टिक. मी ती परत करायला गेले तर म्हणाल्या, "ठेवा नं. औषध आहे."

परतीच्या गाडीत गुडघा समोरच्या बाकावर ठेवून मी संत्री सोलत बसले. आठ दिवस मी जिथे तिथे व्यायाम शोधला होता आणि तो नेमका माझ्या समोर, लिपस्टिक लावून, दूध तापवत उभा होता. मला वाटायचं, त्रास झाला तरच गुण येतो. पंचवीस वर्षांच्या चालण्यात मी एकदाही नटले नव्हते, हेही तेव्हाच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज चालू केला. गुडघ्यामुळे बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. बुटांवरचा नरखेडचा चिखल घासून धुतला, केशरी साडी नेसले, लिपस्टिक लावली, दूध गॅसवर ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. खिडकीतून शेजारच्या वहिनींनी हाक मारली. "काय हो, आज चालायला नाही गेलात?"

"नाही," म्हटलं, आणि टाचा उचलल्या.