आतला कारागीर

"हात माझे, तार माझी, आणि बटण तेवढं तुमचं. हे कुठलं गणित, सांगा की."

फळ्यांच्या भिंतीआडून ती नवऱ्याला विचारत होती. भिंतीच्या अलीकडं दुकान, पलीकडं ती. जळालेल्या मोटारी भिंतीतल्या खिडकीतून आत यायच्या आणि भरून झाल्या की त्याच खिडकीतून बाहेर जायच्या. मोटार भरायची म्हणजे जळकी तार उपसून काढायची, तांब्याची नवी वेटोळी तिच्या पोटात बसवायची.

"बाईचा हात दिसला की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो," नवरा म्हणाला.

"मोटार चालते तेव्हा नाही येत?"

"तेव्हा त्याला कुठं माहीत असतं?"

काम ती माहेरी शिकली. बापानं भावाला शिकायला बसवलं आणि हिला तार धरायला. भावाला आला कंटाळा, हिला आली कला. दुकान भावाचं झालं, कला तेवढी हिच्याबरोबर सासरी आली.

नवऱ्याची बोटं जाड, बोलणं गोड. तो बाहेर बसला. "आमचा कारागीर आत असतो, जरा लाजाळू आहे," असं सांगायचा. काम झकास झालं की कुणीतरी कारागिराला चहा सांगायचं, तो खिडकीतून आत यायचा. बिघडलं की नवरा मोठ्यानं म्हणायचा, "काढूनच टाकतो त्याला." अशी ती कितीदा कामावरून गेली आणि सकाळी पुन्हा लागली, मोजदाद नाही. "काढल्यावर निदान सुट्टी तरी देत जा," म्हणायची आणि हसायची.

एका गोष्टीचं मात्र हसू यायचं नाही. आपण भरलेली मोटार पहिल्यांदा फिरते कशी, ते तिनं कधी बघितलं नव्हतं. चाचणीचा बोर्ड बाहेर. गिऱ्हाइकाच्या देखत बटण दाबायचं आणि मोटार तिथूनच गाडीवर चढायची. तिला फळ्यांतून नुसता आवाज यायचा. हातातलं काम थांबवून ती तो संपेस्तोवर ऐकायची. पोरानं शेजारच्या खोलीत पहिलं पाऊल टाकावं आणि आपल्याला टाळ्याच तेवढ्या ऐकू याव्यात, तसं व्हायचं.

त्या दिवशी गिरणीवाला मोटार न्यायला आला. नवऱ्यानं गप्पा मारत टोकं जोडली, बटण दाबलं. मोटार नुसती घूंऽ करून घुमली, दांडा फिरेना.

"आज हाकलतोच कारागिराला," नवरा म्हणाला.

"हाकला नंतर. आधी बाहेर आणा त्याला. दळणाचे डबे साठलेत माझ्याकडं."

त्या घुमण्यावरूनच आत तिला कळलं होतं. वेटोळ्यांच्या सुरुवातीची टोकं ओळखू यावीत म्हणून ती त्यांना दोऱ्याची गाठ मारून द्यायची. बोलण्याच्या नादात नवऱ्यानं एका ठिकाणी गाठीच्या जागी बिनगाठीचं टोक लावलं असणार. खिडकीतून सांगून भागलं असतं. एरवी तेच करायची. आज ती फडक्याला हात पुसत दारातून बाहेर आली.

"वहिनी, कारागीर कुठंय?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"आलाय की."

नवरा बोर्डाकडं बघत राहिला. तिनं मेन स्विच बंद केला, टोकं सोडवली, बदलली, आवळली. गिरणीवाला तिच्या बोटांकडं बघत होता. तिनं स्विच चालू केला आणि बोट बटणाकडं नेलं.

"सरका वहिनी, शॉक-बिक बसायचा," म्हणत गिरणीवाल्यानंच भल्या मनानं बटण दाबलं.

मोटार थरथरली आणि फिरली. दांडा असा सरळ फिरत होता की थांबलाय असंच वाटावं. ती पापणी न लववता बघत राहिली. बघून पोट भरलं नाही; उलट भूक पेटली.

गाडी गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "लाजाळूपणा गेला म्हणायचा कारागिराचा."

"पुढच्या मोटारीचं बटण मी दाबणार."

"गिऱ्हाइकासमोर?"

"मग काय भिंतीसमोर?"

एक जळका पंप उचलून त्यानं खिडकीत ठेवला. ती आत गेली, पंप ओढून मांडीशी घेतला, छिन्नी लावली आणि जळकी तार उपसायला लागली.